मानमोडी की बर्ड फ्लू : नवापूरचा न मिटलेला वाद

खान्देशात कोंबडीची मान पिळली गेली, हिरवट हगवण लागली की रोगाचं नाव ठरलेलं: मानमोडी. पुस्तकातली राणीखेत ती हीच. इंग्लंडात न्यूकॅसलला १९२६ साली दिसलेला रोग पुढे कुमाऊंतल्या राणीखेतला नोंदला गेला, म्हणून आपल्याकडे ते नाव. त्याआधी अशी झपाट्याची मरतूक सरसकट 'कोंबड्यांचा प्लेग' म्हणून खपायची. त्या प्लेगचा विषाणू इन्फ्लुएंझाचा, म्हणजे तो प्लेग आजचा बर्ड फ्लू, हे तर १९५५ मध्ये कळलं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं भांडण याच गोंधळातलं. २००६ च्या फेब्रुवारीत शेडमधून रोज मेलेल्या कोंबड्या निघत होत्या आणि पोल्ट्रीवाले राणीखेत म्हणत होते. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण लस दिलेल्या शेडमध्येही राणीखेत फुटतो. पक्षी फाडला की ग्रंथिल जठरावर रक्ताचे ठिपके दिसतात. ते दोन्ही रोगांत. निळा पडलेला तुरा, सुजलेलं डोकं, पायांच्या नळ्यांवर लाल डाग ही लक्षणं बर्ड फ्लूकडे झुकतात खरी, पण कित्येक पक्षी तेवढीही सवड देत नाहीत. संध्याकाळी खाद्य खाल्लेली कोंबडी सकाळी पिंजऱ्यात आडवी. प्रयोगशाळेतली पहिली चाचणीही इथे अपुरी पडते, कारण दोन्ही विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकत्र चिकटवतात. कोणत्या रोगाच्या प्रतिपिंडांनी ते चिकटणं थांबतं, हे पाहिल्यावरच फरक कळतो.

१८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेतून आलेला निकाल जाहीर झाला: एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू, देशातला पहिला. मग ३ किलोमीटरच्या टापूतली पोल्ट्री रिकामी केली गेली, धडधाकट पक्ष्यांसकट. 'राणीखेतच होता' म्हणणारे नंतरही राहिले. मला निकालाबद्दल शंका नाही. दोन्ही रोग एकाच शेडमध्ये असू शकतात, एवढं मात्र त्या वादात कुणी फारसं बोललं नाही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांमध्येही बर्ड फ्लू सापडला. तिथे शेड नाही, मरतुकीची वही नाही. चार कोंबड्या गेल्या तर नमुना पाठवतो कोण?

२०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू निघाला. घशातून आणि गुदद्वारातून स्वॅब घ्यायचे, बर्फात पाठवायचे, पीसीआर करायची, हे तोवर अंगवळणी पडलं होतं. कत्तलीचा टापू मात्र १ किलोमीटरवर आला होता. बाधित शेडपासून दीड किलोमीटरवरची जी पोल्ट्री २००६ च्या नियमाने रिकामी झाली असती, ती या वेळी नुसती देखरेखीखाली राहिली.