समुद्रात बुडण्यासाठी बांधलेली विमानं

१ मे २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावरून एक जुनं बी-५२ बॉम्बर विमान उडालं आणि पॅसिफिक महासागराकडे वळलं. त्याच्या पंखाखाली चपट्या नाकाचं, जेमतेम सव्वाचार मीटर लांबीचं एक यान लटकवलेलं होतं आणि त्याच्या शेपटाला एक रॉकेट जोडलेलं होतं. सुमारे १५ किलोमीटर उंचीवर बी-५२ने ते सोडून दिलं. काही क्षण ते नुसतंच खाली पडलं. मग रॉकेट पेटलं आणि २६ सेकंदांत त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या ४.८ पट झाला. रॉकेट गळून पडलं आणि यानाचं स्वतःचं इंजिन सुरू झालं. वेग ५.१ पटीपर्यंत पोहोचला. २४० सेकंदांनी इंधन संपलं. त्यानंतरही ते आपल्या अंगावरची मोजमापं जमिनीकडे पाठवत राहिलं आणि अखेर पाण्यात गेलं. सगळी मिळून ३७० सेकंदांची माहिती हाती आली.

हे अमेरिकी हवाई दलाचं एक्स-५१ए वेव्हरायडर. अशी चार यानं बांधली गेली आणि चारही पॅसिफिकमध्ये बुडाली. त्यांनी परत यावं अशी योजनाच नव्हती. त्यांना चाकं नव्हती, पॅराशूट नव्हतं. वर्षानुवर्षं खपून बांधलेलं यान काही मिनिटांत कायमचं गमवायचं, हे आधीच ठरलेलं होतं. मला या चाचण्यांमधली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. विमान दुसरीकडे पोहोचवायचं नव्हतंच. त्या काही मिनिटांत त्याच्या अंगावर काय काय घडतं, ते मोजून घ्यायचं होतं.

हे मोजण्यासाठी थेट आकाशातच का जावं लागतं? आवाजाच्या वेगाला मॅक १ म्हणतात आणि साधारण मॅक ५ च्या पुढच्या वेगाला हायपरसॉनिक. मॅक ५ ही काही आखीव रेघ नव्हे. पण त्याच्या आसपास खरा प्रश्न वेगाचा राहत नाही, उष्णतेचा होतो. हवेच्या घर्षणाने विमान तापतं असं आपण सहज म्हणतो, पण नाकाच्या टोकावरचा मोठा ताप येतो तो हवा दाबली गेल्यामुळे. इतक्या वेगाने येणाऱ्या यानाच्या वाटेतून हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती यानाच्या पुढ्यात जागच्या जागी चेपली जाते आणि तिच्या गतीची सगळी ऊर्जा उष्णतेत उतरते. वेग दुप्पट केला की ही ऊर्जा चौपट होते. मॅक ६ ला ती हवा सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. नेहमीच्या विमानाचं ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. वेग आणखी वाढला की ऑक्सिजनचे आणि पुढे नायट्रोजनचे रेणूही तुटू लागतात. म्हणजे यान ज्या हवेतून चाललं आहे, ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने आपली ओळखीची हवाच उरत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेत उभं करणं फार अवघड आहे. वायुबोगद्यात, म्हणजे स्थिर ठेवलेल्या यानावर वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्यात, वेग मिळवता येतो, तापमान मिळवता येतं, हवेची विरळताही मिळवता येते. पण तिन्ही एकदम, पूर्ण आकाराच्या यानाभोवती आणि मिनिटांच्या हिशेबात मिळवणं जवळजवळ अशक्य. अतितीव्र वेगाचे कितीतरी बोगदे काही सहस्रांश सेकंदच चालतात. संगणकावरची गणितंही एका जागी अडतात. यानाच्या त्वचेला लगटून हवेचा एक पातळ थर वाहत असतो. तो शांतपणे सरकत असला तर त्वचा एका मर्यादेपर्यंत तापते. तोच खळबळला तर त्या जागेवरचा ताप कित्येक पटींनी वाढतो. शांत थर नेमका कुठे आणि कधी खळबळेल, हे आधी सांगणं आजही कठीण आहे. त्वचेवरचा बारीकसा उंचवटाही हे गणित बिघडवू शकतो.

ही यानं वैमानिकाविना का उडवतात, याचं उत्तर १९६७ सालात आहे. त्या काळी एक्स-१५ या रॉकेट विमानात माणूस बसायचा. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी विल्यम 'पीट' नाइट यांनी ते ताशी ७,२७४ किलोमीटरपर्यंत, म्हणजे मॅक ६.७ पर्यंत नेलं. विमानाच्या पोटाखाली त्या दिवशी एका रॅमजेट इंजिनाची नुसती प्रतिकृती बसवली होती. तिच्यामुळे उठलेली आघात-लहर, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेची लाट, ती प्रतिकृती ज्याला लटकवली होती त्या खांबावर जाऊन आदळत राहिली. खाली उतरल्यावर पाहिलं तर उष्णतेला दाद न देणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूच्या त्या खांबाला आरपार भोकं पडली होती आणि प्रतिकृती तर वाटेतच तुटून पडली होती. ते विमान पुन्हा कधी उडालं नाही. सहाच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, दुसऱ्या एका एक्स-१५मध्ये मायकेल ॲडम्स यांचा मृत्यू झाला. अतिउंचावर विमान गिरकी घेऊ लागलं, त्यातून सावरलं, पण पुढे हवेतच त्याचे तुकडे झाले. आघात-लहरी कुठे भिडतील हे जिथे आधी कळत नाही, तिथे माणूस बसवू नये, हा धडा फार महाग पडला.

आता इंजिनाकडे येऊ, कारण एक्स-५१एची खरी गोष्ट तिथेच आहे. साध्या जेट इंजिनात पंख्याची पाती हवा दाबतात. रॅमजेटमध्ये पाती नसतात. वेगामुळेच हवा दाबली जाते आणि ज्वलनाआधी ती आवाजापेक्षा कमी वेगावर आणली जाते. मॅक ६ च्या आसपास हवा एवढी थोपवली तर ती इतकी तापते की इंधन जाळून फारसं बळ मिळेनासं होतं. म्हणून स्क्रॅमजेटमध्ये हवा थोडीच मंदावतात आणि आवाजापेक्षा जास्त वेगाने वाहत असतानाच तिच्यात इंधन जाळतात. हवेला इंजिनातून पार व्हायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. एवढ्यात इंधन फवारलं जायचं, हवेत मिसळायचं, पेटायचं आणि आपलं बळ देऊन मोकळं व्हायचं. आपली पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात अशी शंभराहून अधिक आवर्तनं होऊन जातात.

असं इंजिन हवेत चालतं हे नासाच्या एक्स-४३ए या छोट्या यानाने २००४ मध्ये दाखवून दिलं. नोव्हेंबरातल्या उड्डाणात त्याने मॅक ९.६ गाठला. पण त्याचं इंधन होतं हायड्रोजन आणि त्याचं तांब्याचं इंजिन उष्णता नुसती पोटात घेत होतं, त्यामुळे ते दहाएक सेकंदच चालवायचं होतं. एक्स-५१एला मिनिटं काढायची होती. त्यासाठी जुन्या एसआर-७१ विमानाचं जेपी-७ हे केरोसीनच्या जातीचं इंधन निवडलं गेलं. ते आधी इंजिनाच्या भिंतींमधल्या बारीक नळ्यांतून फिरवतात. त्यात भिंती थंड राहतात, इंधन तापतं, त्याचे जड रेणू तुटून हलके होतात आणि मग ते सहज पेटतं. जी उष्णता इंजिनाला वितळवणार होती, तिलाच इंधन तयार करायच्या कामाला लावलेलं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

अडचण एवढीच की सुरुवातीला इंजिन गार असतं, त्यामुळे जेपी-७ पेट घेत नाही. म्हणून आधी एथिलीन वायू पेटवायचा आणि इंजिन तापलं की जेपी-७वर यायचं. २६ मे २०१० च्या पहिल्या उड्डाणात हा बदल जमला. इंजिन सुमारे १४० सेकंद चाललं, पण तापलेला वायू आत गळू लागला आणि उड्डाण ठरल्याआधीच आवरावं लागलं. १३ जून २०११ ला मात्र नेमकी या बदलाच्या क्षणीच गडबड झाली. स्क्रॅमजेटच्या तोंडाशी आघात-लहरींची एक नाजूक रांग उभी असते आणि तीच हवा दाबण्याचं काम करते. आतला दाब जरा जास्त वाढला की ती रांग पुढे ढकलली जाऊन तोंडाबाहेर पडते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्या दिवशी तेच झालं. मग यानाने आपणहून आपली दिशा बदलून हवा पुन्हा नीट आत घ्यायचा प्रयत्न केला. इंजिन काही सुरू झालं नाही, पण समुद्रात पडेपर्यंत यान ताब्यात होतं. वर कुणी माणूस नसताना त्याने केलेली ती धडपड वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. तिसऱ्या वेळी, १४ ऑगस्ट २०१२ रोजी, इंजिनाची पाळीच आली नाही. रॉकेट पेटल्यावर १६ सेकंदांत एका शेपूट-पंखात दोष निघाला आणि रॉकेटपासून वेगळं होताच यान भरकटलं. मे २०१३ चं ते ३७० सेकंदांचं यश या तीन उड्डाणांवर उभं आहे.

याहून कितीतरी वेगवान होतं ते डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेचं एचटीव्ही-२. त्याला इंजिन नव्हतं. रॉकेटने वर न्यायचं आणि मग मॅक २० ने, म्हणजे ताशी जवळजवळ २१,००० किलोमीटर वेगाने, वातावरणाच्या वरच्या थरातून तरंगत सुमारे ७,६०० किलोमीटरवरच्या क्वाजालीन प्रवाळद्वीपाच्या दिशेने जाऊ द्यायचं. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून ते २२ एप्रिल २०१० ला सुटलं आणि नऊ मिनिटांनी संपर्क तुटला. यानाचं नाक अपेक्षेपेक्षा जास्त आडवं वळलं, त्यातून ते कुशीवर लोळू लागलं आणि सावरण्याची ताकद अपुरी पडली. अभियंत्यांनी गुरुत्वमध्याची जागा बदलली, उडण्याचा कोन कमी केला. ११ ऑगस्ट २०११ ला दुसरं यान गेलं. जुना दोष पुन्हा आला नाही. मॅक २० ला तीन मिनिटं ते स्थिर उडालं आणि पुन्हा नवव्या मिनिटाच्या सुमारास शांत झालं.

या वेळी दगा दिला तो त्वचेने. यानाचं अंग १,९०० अंशांपर्यंत तापणार आणि त्वचा थोडीथोडी झिजणार, हे धरलेलंच होतं. प्रत्यक्षात तिचे अपेक्षेपेक्षा मोठे तुकडे सोलून निघाले. उघड्या पडलेल्या जागांभोवती जोरदार आघात-लहरी उठल्या आणि यानाला हिसके बसू लागले. सुरुवातीचे हिसके यान ज्यासाठी बांधलं होतं त्याच्या शंभरपटीहून जास्त होते, तरी ते सावरलं. पुढे ते असह्य झाल्यावर यानाच्या सुरक्षा यंत्रणेने त्याला समुद्रात उतरवलं. हे सगळं निदान केलं गेलं ते केवळ रेडिओवरून आलेल्या आकड्यांवरून. निघालेली त्वचा कुणालाही हातात घेऊन पाहता आली नाही.

भारताचं एचएसटीडीव्ही हे हायपरसॉनिक चाचणी-यान याच वाटेवरचं. ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरून, अब्दुल कलाम प्रक्षेपण केंद्रातून, ते ३० किलोमीटर उंचीवर नेलं गेलं आणि डीआरडीओचं स्क्रॅमजेट मॅक ६ च्या वेगात २० सेकंदांहून जास्त चाललं. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवरच्या चाचणीत अशा इंजिनाचा ज्वलनकक्ष १,००० सेकंदांहून जास्त चालवला गेला.

या मेहनतीमागे लष्करांचा हेतू उघड आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा मार्ग एकदा दिसला की ते कुठे पडणार याचं गणित मांडता येतं. ही यानं त्यापेक्षा खालून उडतात, त्यामुळे जमिनीवरच्या रडारला उशिरा दिसतात, आणि वाटेत वळतातही. समोरच्याला विचार करायला मिळणारा वेळ मिनिटांवर येतो आणि त्या मिनिटांत चुकीचा निर्णय होण्याची भीती मोठी आहे. या विज्ञानाबद्दलची माझी ओढ या भीतीला पुसू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत चाचण्यांच्या पद्धतीत मात्र एक बदल झाला आहे. अमेरिकेतल्या स्ट्रॅटोलाँच कंपनीचं टॅलन-ए हे वैमानिकाविना उडणारं रॉकेट यान ११७ मीटर पंखांच्या 'रॉक' विमानातून सोडलं जातं. डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ अशा दोन्ही उड्डाणांत त्याने मॅक ५ ओलांडला आणि दोन्ही वेळा ते आपणहून धावपट्टीवर उतरलं. ती धावपट्टी व्हँडेनबर्गची, जिथून एचटीव्ही-२ची दोन्ही यानं गेली होती. या वेळी आकडे तर आलेच, पण तापून निघालेली त्वचाही परत आली. नाक कुठे काळवंडलं, कुठला सांधा उघडला, हे आता जवळ जाऊन डोळ्यांनी पाहता येतं.