पार्श्वभूमी : अर्बियम स्फटिकात नेमका बसतो कुठे?

अर्बियम या दुर्मिळ मृदा धातूचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, १.५४ मायक्रोमीटर तरंगलांबीला चमकतो. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाची गळती सर्वांत कमी होते तो हाच पट्टा, म्हणून त्याला ऑक्साइड स्फटिकांत घुसवण्याची धडपड. पण घुसवणे वेगळे आणि बसवणे वेगळे.

दुर्मिळ मृदा आयनांच्या बहुतेक प्रकाशरेषा समरूपतेच्या नियमानुसार दिसायलाच नकोत. भोवतालच्या अणूंची मांडणी विषम असेल तर हा नियम सैल पडतो, हे ब्रायन जड आणि जॉर्ज ओफेल्ट या शास्त्रज्ञांनी १९६२ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडले. यट्रियम ऑक्साइडमध्ये ते स्वच्छ दिसते. त्याच्या एकक पेशीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ तुकड्यात, यट्रियमच्या ३२ जागा असतात आणि प्रत्येकीला सहा ऑक्सिजन शेजारी. त्यांपैकी ८ जागांभोवतीची मांडणी केंद्राच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी. तिथे बसलेला युरोपियम (हाही दुर्मिळ मृदा आयन) ६११ नॅनोमीटरची लाल रेषा जवळपास देत नाही. ती येते उरलेल्या २४ जागांवरून.

यट्रियमच्या आयनाची त्रिज्या ०.९० अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), अर्बियमची ०.८९, म्हणून त्याच्या जागी बसायला अडचण नाही. झिंक ऑक्साइडमध्ये मात्र चार ऑक्सिजनांमधला झिंक जेमतेम ०.६० चा, शिवाय त्याचा विद्युतभारही एकाने कमी. अशा ठिकाणी आयनांचा वेगवान झोत मारून अर्बियम आत रोवतात. स्फटिक मोडतो, मग भट्टीत तापवून तो सावरायचा. फार तापवले तर अर्बियम पृष्ठभागाकडे सरकतो, ही वेगळीच डोकेदुखी.

जागा शोधायची कशी? अणूंच्या रांगांमधून आयन खोलवर निसटतात, हे रॉबिन्सन आणि ओएन यांना १९६३ मध्ये संगणकावर आढळले. पुढे हाच धागा धरून सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या आयसोल्ड केंद्रात किरणोत्सारी आयन रोवून त्यांचे इलेक्ट्रॉन कोणत्या दिशांनी बाहेर पडतात ते मोजू लागले. त्यावरून आयन कोणाच्या जागी बसला ते कळते. शेजारचे ऑक्सिजन किती हलले ते नाही. त्यासाठी क्ष-किरण शोषणातले तरंग वाचावे लागतात. सेयर्स, स्टर्न आणि लिटल यांनी १९७१ मध्ये त्या तरंगांतून शेजाऱ्यांची अंतरे काढून दाखवली.

या पद्धतीचा गाजलेला निकाल १९९२ चा, तोही ऑक्साइडमधला नव्हे. सिलिकॉनमध्ये ऑक्सिजन भरपूर असेल तर अर्बियमभोवती सहा ऑक्सिजन सापडले. ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या सिलिकॉनमध्ये बारा सिलिकॉन. चमक पहिल्यातच जोरदार. तरी एक खटका राहतोच : क्ष-किरणांना सगळ्या अर्बियमची सरासरी दिसते, आणि रोवलेल्यांपैकी चमकणारे बहुधा थोडेच असतात.