फर्नेसच्या पोटातल्या दोन हवा

मिनेसोटातला आमचा पहिला हिवाळा, रात्रीचे अडीच वाजलेले, बाहेर उणे २७ सेल्सियस, आणि थंडीनं जाग आली तर थर्मोस्टॅटवर आकडा १४. बेसमेंटमधून दर थोड्या वेळानं तोच आवाज यायचा, आधी टक्, मग घूंss, मग गॅस पेटल्याचा फुस्स, आणि चार-पाच सेकंदांत परत सगळं चिडीचूप. बायको पोराला दोन रजयांत गुंडाळून बसलेली आणि मी टॉर्च घेऊन खाली फर्नेससमोर, म्हणजे गॅसवर अख्खं घर गरम करणाऱ्या यंत्रासमोर, उभा, काय बघायचं तेही माहीत नाही. त्या रात्री मला वाटलं फर्नेस बिघडलाय. खरं तर तो अगदी शहाण्यासारखा वागत होता, कारण आत ज्योत पेटलीये याची त्याला खात्री पटत नव्हती आणि खात्री नसताना गॅस सोडत राहायचा नाही हे त्याला शिकवलेलं असतं. हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. तेव्हापासून या यंत्राबद्दल मी जमेल तेवढं शिकत आलोय, कारण आपल्याकडून इथे येणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात फर्नेस पाहिलेला नसतो, घर घेतलं की तो एकदम गळ्यात पडतो आणि कोणी समजावून सांगत नाही.

एक गोष्ट डोक्यात नीट बसली की बाकीचं आपोआप कळतं. फर्नेसच्या पोटात दोन हवा असतात आणि त्या एकमेकींना कधीच भेटता कामा नयेत. पहिली हवा जळणारी, म्हणजे गॅसबरोबर पेटते आणि धूर होऊन पाइपातून घराबाहेर जाते. दुसरी आपल्या श्वासाची, खोल्यांमधून येते, गरम होते आणि डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळांतून, परत खोल्यांमध्ये जाते. दोघींच्या मधे फक्त एक पातळ पत्रा, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवल्यावर ज्योत खाली, पाणी आत आणि मधे पातेल्याचं बूड, तसंच हे. बूड चांगलं असेल तर पाण्याला धुराचा वासही लागत नाही.

आता भेटल्या तर काय होतं ते. आपल्या घरात येणारा नॅचरल गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो भरपूर ऑक्सिजनमध्ये जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढंच तयार होतं. पाणी किती तर १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी, म्हणूनच थंडीत घराघरातून पांढरी वाफ निघताना दिसते. पण ऑक्सिजन कमी पडला किंवा ज्योत विस्कटली की जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडासा जरी हवेत असला तरी तासन्‌तास श्वासातून साठत जातो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं फ्लू झालाय, फक्त ताप नसतो. अख्ख्या घराचं एकदम डोकं दुखायला लागलं आणि बाहेर पडल्यावर बरं वाटलं तर फ्लू समजून झोपून राहू नका, बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ ला फोन करा.

आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. कोविडपासून आपल्या घराघरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. कार्बन मोनॉक्साइडमध्ये त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. ते यंत्र रक्ताचा लालपणा मोजतं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला तसंच लाल दिसतं, त्यामुळे माणूस गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकतं.

तर त्या रात्रीकडे परत येतो. थर्मोस्टॅटनं गरमी मागितली की फर्नेस लगेच पेटत नाही, तो एक-एक पायरी तपासत जातो. आधी एक छोटा पंखा सुरू होतो, तो घूंss आवाज त्याचाच, त्याला इंड्यूसर म्हणतात आणि त्याचं काम आत राहिलेला जुना धूर किंवा गॅस बाहेर ओढून काढणं. पाइप मोकळा आहे, हवा खरंच ओढली जातेय, हे प्रेशर स्विच बघतो आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही. मग इग्नायटर लालभडक तापतो, हजार डिग्रीच्या वर. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. आणि आता खरी गंमत, फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कसं कळणार की ज्योत पेटली? तर ज्योतीमधून वीज वाहते! आगीत आयन तयार होतात, म्हणून तिच्यातून अगदी बारीकसा करंट जाऊ शकतो, आणि ज्योतीत खुपसलेल्या एका पेन्सिलीएवढ्या धातूच्या काडीतून बोर्ड हा करंट मोजतो. किती, तर थोडेसे मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबात. काडी लहान आणि बर्नरचा पत्रा मोठा, म्हणून उलटसुलट वाहणारी एसी वीज लावली तरी करंट एका दिशेला जास्त जातो, आणि त्यावरूनच बोर्ड ओळखतो की ही ज्योतच आहे, कुठे वायर चिकटलेली नाही. काही सेकंदांत हा करंट दिसला नाही की गॅस बंद. दोन-चार वेळा प्रयत्न करून तो हात टेकतो आणि एक छोटा दिवा ठरावीक पद्धतीनं लुकलुकायला लागतो, त्या लुकलुकण्याचा अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असतो.

आमच्याकडे ती काडी मळलेली होती, बस एवढंच. तिच्यावर पांढुरका थर बसला होता आणि थरातून करंट जात नव्हता. सकाळी टेक्निशियन आला, त्यानं फर्नेसशेजारचा स्विच बंद केला (दिसायला दिव्याच्या बटणासारखाच असतो, तुमचा कुठेय ते आजच बघून ठेवा), गॅसची कळ फिरवली, एक स्क्रू काढून काडी बाहेर घेतली, बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं पुसली आणि परत लावली. पाच मिनिटं. नंतर मी हे एकदा स्वतः केलंय, पण माझी मर्यादा तिथे संपते. बर्नर, गॅस व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर याला हात लावायचा तर लायसन्सवालाच पाहिजे. आणि ऑनलाइन कोणीतरी दाखवतं तसं प्रेशर स्विच किंवा लिमिट स्विचला (पत्रा फार तापला की गॅस तोडतो तो) वायर जोडून फसवायचं, हे तर कृपा करून कधीच करू नका. ते स्विच म्हणजे त्या दोन हवांचे पहारेकरी आहेत, फर्नेस बंद पडणं परवडतं, पहारेकरी झोपणं परवडत नाही.

आपल्या हातात जे आहे त्यात पहिलं म्हणजे फिल्टर. लोकांना वाटतं तो फक्त धुळीसाठी, पण तो तुंबला की खोल्यांत हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याला ती पत्र्यावरून पुरेशी वाहवता येत नाही, मग पत्रा थंडच होत नाही, तो प्रमाणाबाहेर तापतो, लिमिट स्विच गॅस तोडतो, थंड झाला की परत पेटतो, परत तापतो. अशा तापण्या-निवण्यात वर्षानुवर्षं पत्रा वाकत-सरळ होत राहिला की चिरा पडतात, तार इकडे-तिकडे वाकवून तोडतो ना तसं. एक इंचवाला फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला काढून उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत नसेल तर बदला, आणि फिल्टरवरचा बाण पंख्याच्या दिशेला ठेवा. आपल्या घरात रोजच्या फोडण्या आणि उदबत्त्या, त्यामुळे आपले फिल्टर जरा लवकरच काळवंडतात असा माझा अनुभव. जास्तीत जास्त बारीक जाळीचा महाग फिल्टर म्हणजे चांगलाच असंही नाही, जुन्या फर्नेसला त्यातून हवा ओढणं जड जातं. गॅसचे पैसे वाचवायला अर्ध्या खोल्यांमधली गरम हवेची झाकणं बंद करून ठेवणंही तसंच, हवा तुंबते आणि पत्रा तापतो.

चीर पडलीये का हे आपल्याला दिसत नाही, पण एक खूण आहे. छोट्या काचेतून बघा, बर्नर पेटतात तेव्हा ज्योत निळी आणि स्थिर पाहिजे. अर्ध्या-एक मिनिटानं मोठा पंखा सुरू होतो, त्या क्षणी ज्योत नाचायला लागली, पिवळी झाली किंवा बाहेरच्या बाजूला लवलवली तर पंख्याची हवा कुठूनतरी ज्योतीपर्यंत पोचतेय, म्हणजे दोन हवा भेटल्या. फर्नेस बंद करा आणि माणूस बोलवा. धुळीमुळे एखादी केशरी ठिणगी उडते ती वेगळी, तिनं घाबरायला नको.

दुसरी जागा घराबाहेर. नवीन, जास्त कार्यक्षम फर्नेसचा धूर इतका थंड होऊन निघतो की त्याला साधा पांढरा पीव्हीसी पाइप चालतो आणि तो बहुतेकदा भिंतीतून जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर निघतो. बर्फ उडून भिंतीशी साचला की हे तोंड बुजतं. बहुतेक वेळा प्रेशर स्विच फर्नेस थांबवतो, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला बर्फानं घरातल्या हीटिंगचा पाइप बुजला आणि सात वर्षांची एक मुलगी कार्बन मोनॉक्साइडनं गेली. तिच्या नावानं त्या राज्यात निकोलचा कायदा झाला आणि २००६ पासून घरात अलार्म लावणं सक्तीचं झालं. मला आठ वर्षांचा मुलगा आहे, बर्फ पडला की ड्राइव्हवे साफ करायच्या आधी मी त्या पाइपांकडे जातो, हातानं आजूबाजूचा बर्फ काढतो आणि वाफ मोकळी निघतेय हे बघूनच पुढचं.

अजून एक गोष्ट जी आपल्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याला तळणाचा वास नको असतो म्हणून आपण स्वयंपाकघरात जोरदार एक्झॉस्ट बसवतो. पण घर थंडीत चारी बाजूंनी बंद असतं, पंख्यानं बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई कुठूनतरी व्हायलाच हवी, आणि बेसमेंटमध्ये जुन्या पद्धतीचा गॅसचा वॉटर हीटर असेल, वर छत्रीसारखी टोपी आणि मधे उघडी फट असलेला, तर ती हवा त्याच्या धुराड्यातून उलटी खाली येते, येताना धूर घेऊन. तपासायला सोपं आहे. गॅसचा वास नाही याची आधी खात्री करा, मग एक्झॉस्ट आणि बाथरूमचे पंखे लावा, गरम पाण्याचा नळ सोडा, हीटर पेटून पाच मिनिटं होऊ द्या आणि त्या टोपीच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तुमच्याकडे उडाला तर पंखे बंद, हीटर बंद, खिडक्या उघडा आणि जाणकाराला दाखवा. माझी आई हिवाळ्यात आली होती तेव्हा इडलीचं पीठ आंबायला फर्नेसच्या खोलीत ठेवायची, त्याला काही हरकत नाही, तिथे ऊब असते. पण रंगाचे डबे, पेट्रोलचा कॅन, ब्लीच, हे तिथे नको. ब्लीचची वाफ ज्योतीपर्यंत गेली की तिच्यातलं क्लोरीन पत्रा खातं.

एवढं सगळं करूनही शेवटी सांगणारा एकच, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. झोपायच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एक. हा गॅस जवळजवळ हवेइतकाच जड असतो, त्यामुळे अलार्म खाली लावायचा की वर यावर भांडू नका, झोपेत ऐकू येईल तिथे लावा. इथल्या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग गॅस असेल तर तो १ ते ४ तासांत वाजतो, ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. उशीर लागतो तो मुद्दाम, कारण शरीरात साठायला जेवढा वेळ लागतो त्यावर ते बेतलेलं आहे. चार-चार बीप म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तीन-तीन म्हणजे आग, आणि मधूनच एकच चिर्र म्हणजे बॅटरी संपली किंवा यंत्राचं आयुष्य संपलं. मागे तारीख असते ती वाचा, पाच ते दहा वर्षांत सेन्सर निकामी होतो आणि बटण दाबल्यावर वाजला म्हणून सेन्सर चांगला असं नसतं. अमेरिकेत आगीशी संबंध नसताना निव्वळ चुकून होणाऱ्या या विषबाधेनं दरवर्षी ४०० हून जास्त लोक जातात.

न जळलेल्या गॅसची गोष्ट वेगळी, त्याचा वास येतो. मुळात त्यालाही वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं, आणि त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळायचे कायदे झाले. सडक्या अंड्यासारखा वास आला तर दिवा लावू नका, लावलेला बंदही करू नका, फोनसुद्धा घराबाहेर जाऊन लावा.

गेल्या वर्षी पुण्याला गेलो तेव्हा बॅगेत बॅटरीवरचा एक अलार्म नेला. आईबाबांच्या बाथरूममध्ये आतच गॅस गीझर होता, धुराला पाइप नाही, खिडकी थंडी येते म्हणून बंद, म्हणजे तिथे दोन हवांच्या मधे पत्राच नव्हता. बाबा म्हणाले, अरे पंधरा वर्षं वापरतोय, काही झालं नाही. मी त्यांना चिठ्ठीवर ज्योत, पत्रा आणि पाइप काढून दाखवलं, बराच वेळ बघत बसले. दोन दिवसांनी प्लंबर बोलावून गीझर ड्राय बाल्कनीत, बाहेरच्या उघड्या बाजूला हलवला, आत फक्त गरम पाण्याची लाइन आली. अलार्म पॅसेजमध्ये लावलाय. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा बटण दाबतात आणि मला व्हॉट्सअॅपवर कळवतात, वाजला.