गोळ्यांच्या रांगेतून शेजारच्या खोलीत

एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारे औषधोपचार मिळतात तिथे, नियमाने गोळ्या न्यायला येणाऱ्या स्त्रीइतका आरोग्य व्यवस्थेशी सततचा संबंध फार थोड्या निरोगी दिसणाऱ्या माणसांचा येतो. तिचे वजन नोंदवले जाते, मागच्या खेपेच्या गोळ्या किती उरल्या हे मोजले जाते, ठरावीक काळाने रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासले जाते आणि पुढची तारीख कार्डावर लिहून दिली जाते. मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका तिला एचआयव्ही नसलेल्या स्त्रीच्या सुमारे सहापट असूनही त्याच्या तपासणीसाठी अनेक ठिकाणी तिच्या हाती फक्त एक चिठ्ठी पडते. दुसरी इमारत, दुसरा केसपेपर, दुसरा वार, म्हणजे आणखी एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि आपल्या आजाराविषयी आणखी एका अनोळखी माणसाला सांगणे. या दोन इमारतींमधल्या अंतरातच कितीतरी जणी सुटून जातात.

हा धोका सहापट का, हे समजून घेण्यासारखे आहे. या कर्करोगाच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो आणि त्याच्या १६ व १८ या दोन प्रकारांमुळेच सुमारे ७० टक्के रोग होतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सर्वांना हा संसर्ग आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत तो हुसकावून लावते. एचआयव्ही नेमक्या त्याच प्रतिकाराचे नेतृत्व करणाऱ्या सीडी-४ पेशी नष्ट करतो. त्यामुळे एचपीव्ही मुक्काम ठोकून बसतो, आणि एरवी कर्करोगापर्यंत पोहोचायला १५ ते २० वर्षे लागतात तिथे दुर्बल प्रतिकारशक्तीच्या स्त्रीमध्ये ५ ते १० वर्षे पुरू शकतात. एआरटीने हा धोका कमी होतो, पण संपत नाही. शिवाय गोळ्यांमुळे आयुष्य वाढल्यावर सावकाश वाढणाऱ्या या रोगालाही वेळ मिळतो.

हे वास्तव झाम्बियाइतके तीव्रतेने फार थोड्या देशांनी अनुभवले असेल. २००७ मध्ये तिथल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १४ टक्के लोकांना एचआयव्हीचा संसर्ग होता. सरकारी दवाखान्यांतून एआरटी मिळू लागली आणि मरणाच्या दारातून स्त्रिया परत येऊ लागल्या. पण त्यांच्यातल्याच काही जणी पुढे कर्करोगाने दगावण्याची भीती डॉक्टरांना दिसत होती. २००६ मध्ये राजधानी लुसाकामध्ये डॉ. ग्रोसबेक पारहॅम आणि डॉ. मुलिंदी म्वानाहामुंटू यांच्या पुढाकाराने एक कार्यक्रम सुरू झाला. गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅप तपासणीसाठी लागणारे पेशीतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा पुरेशा नव्हत्या, म्हणून सगळा भार प्रशिक्षित परिचारिकांवर टाकण्यात आला आणि तपासणीची खोली एचआयव्ही उपचार जिथे चालत त्याच सरकारी दवाखान्यांच्या आवारात ठेवण्यात आली.

तपासणी अगदी साधी होती. परिचारिका गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के अॅसिटिक आम्लाचा, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरइतक्या तीव्रतेच्या द्रावणाचा बोळा लावते आणि मिनिटभर थांबते. बिघडू लागलेल्या पेशींत प्रथिने दाट असतात; ती आम्लाने साकळतात आणि तेवढाच भाग पांढरा दिसू लागतो. लुसाकामध्ये या जागेचा साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून पाहिला जाई, आणि तो त्या स्त्रीलाही दाखवला जाई. आयुष्यात कधीही न पाहिलेला आपल्याच शरीराचा भाग आणि त्यावरचा पांढरा डाग समोर दिसल्यावर उपचार कशासाठी, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते या कार्यक्रमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच होती. डाग लहान असेल तर त्याच भेटीत अतिथंड वायूने तो गोठवून नष्ट केला जाई. शंका आली तर फोटो डॉक्टरांना पाठवून सल्ला घेता येत असे.

पहिल्या काही वर्षांत तपासलेल्या ६,५७२ एचआयव्हीबाधित स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये असा डाग आढळला. त्यांतल्या पाचांपैकी साधारण तिघींवर तिथल्या तिथे उपचार करता येण्याजोगे होते. उरलेल्यांना पुढील तपासणीसाठी पाठवावे लागले. या खोलीचे दार एचआयव्ही नसलेल्या स्त्रियांसाठीही उघडे होते, त्यामुळे तिथे शिरणारी कोण, कोणत्या आजाराची, हे बाहेर बसलेल्यांना कळत नसे. बदनामीच्या भीतीने पाय मागे घेणाऱ्या स्त्रीसाठी याचे मोल फार मोठे आहे.

या पद्धतीमागचा काही महत्त्वाचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातला आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्थानिक आरोग्य सेविकांना शिकवून हीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या दोन टक्के स्त्रियांचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी कधी झालेली नव्हती. जे ज्ञान इथल्या बायकांच्या सहभागातून मिळाले, ते इथल्याच बायकांपर्यंत पोहोचू नये, याचे वाईट वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्हीच्या डीएनए तपासणीला प्राधान्य दिले. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी ती वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी करावी. इतरांसाठी हेच वय तीस आहे. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे टेबलावर झोपण्याचा संकोच टळतो आणि गोळ्या घ्यायला आली असताना पाच मिनिटांत काम होते. मात्र या स्त्रियांमध्ये एचपीव्ही इतका सर्रास सापडतो की प्रत्येकीवर उपचार करत सुटणे योग्य नाही. म्हणून दुसऱ्या एका तपासणीने चाळणी लावून मगच उपचार ठरवावा, असेही ती संघटना सांगते.

उपचारानंतरही काम संपत नाही. केन्यात एचआयव्हीबाधित ४०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, गोठवण्याचा उपचार केलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जणींमध्ये दोन वर्षांत दोष पुन्हा दिसला. विजेच्या तारेने तो भाग कापून काढलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होते. म्हणून उपचारानंतर एक वर्षाने, आणि ती तपासणी निर्दोष आली तर आणखी एका वर्षाने, पुन्हा पाहावे लागते. वेगळ्या रुग्णालयात वर्षभराने बोलावलेली बाई येईलच, याची खात्री कोण देणार? एआरटी केंद्रावर मात्र ती गोळ्यांसाठी त्याआधीच अनेकदा आलेली असते, आणि गोळ्यांची तारीख लिहिणाऱ्या हाताला त्याच कार्डावर ही तारीख लिहायला एक ओळ पुरते.