तरंग

तरंग म्हणजे माध्यमातून पुढे सरकत जाणारी खळबळ. पुढे जाते ती ऊर्जा. माध्यमाचे कण आपापल्या जागी हेलकावतात. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठी हे चांगले दिसते. खडा टाकला की वलये काठाला लागतात, पण वाटेतली निर्माल्याची पाकळी लहानसा फेरा घेऊन जवळपास तिथेच राहते. यासाठी वारा पडलेली पहाट हवी. वारा असला की तोच पाकळीला ढकलतो आणि ती लाटेबरोबर गेली असे वाटते.

ताणलेल्या दोरीत कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात, तो अवतरंग. ध्वनीत हवा पुढे-मागे दाटते आणि विरळ होते, तो अनुतरंग.

वेग = वारंवारता × तरंगलांबी. वारंवारता म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलने, तरंगलांबी म्हणजे लगतच्या दोन शिखरांमधले अंतर. सूत्र सर्वांना पाठ असते, चूक होते ती ते वाचताना: वारंवारता वाढवली म्हणजे वेग वाढला, असे धरले जाते. वारंवारता उगमस्थान ठरवते, वेग माध्यम ठरवते आणि त्या दोन्हींतून तरंगलांबी ठरते. टाळी जोरात वाजवली तर आयाम, म्हणजे कणांच्या हेलकाव्याचा विस्तार, वाढतो, आवाज लवकर पोहोचत नाही. पाण्यावरच्या लाटांत मात्र वेग तरंगलांबीवरही अवलंबून असतो. खोल पाण्यात १ मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे १.२५ मीटर जाते, ४ मीटर लांबीची २.५ मीटर. सुमारे १.७ सेंमीची लहर सर्वांत मंद, सेकंदाला २३ सेंमी. त्याहून बारीक लहरींवर पृष्ठताणाचा (पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बलाचा) जोर चालतो आणि त्या पुन्हा वेगवान होतात.

हवेतील ध्वनीचा वेग ०° सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे २०° ला ३४३ आणि सोलापूरच्या ४२° च्या उन्हाळ्यात ३५६. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, तेव्हा उजेड आणि आवाज यांत २ सेकंदांचे अंतर पडले तर बार सुमारे ६९० मीटरवर फुटला.

हा वेग घरच्या साधनांनी मोजता येतो. जुन्या गिरणीच्या लांब, उंच भिंतीसमोर टेपने ८५ मीटर मोजून उभे राहावे आणि प्रत्येक टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीवर नेमकी पडेल अशी लय धरावी. ३५° ला टाळ्यांमधल्या २० अंतरांना ९.७ सेकंद लागतात. दर अंतरात आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे १७० मीटर. १७० × २० मीटरला त्या वेळेने भागले की वेग मिळतो. पहिली टाळी ‘शून्य’ मोजावी. ‘एक’पासून विसापर्यंत मोजले तर अंतरे १९ च भरतात आणि उत्तर ५ टक्क्यांनी चुकते. भिंत १७ मीटरच्या आत असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही.

मिरवणुकीतला ढोल बोळात वळल्यावरही ऐकू येतो, ताशाची कडकड मात्र बोथट होते. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० आंदोलनांच्या) ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणून तो घराच्या कोपऱ्याला वळसा घालतो. ३,४०० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम १० सेंमी, ती कोपऱ्याआड फारशी वळत नाही. हे विवर्तन.

दोन तरंग एकमेकांतून आरपार जातात. जिथे भेटतात तिथे त्यांची विस्थापने बेरजेने मिळतात. २५६ आणि २६० हर्ट्झच्या तारा एकदम छेडल्या तर सेकंदाला ४ विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, ऐकू येतात. ते मंदावत थांबेपर्यंत खुंटी पिळली की तारा जुळल्या. ताण दुप्पट केल्याने सूर दुप्पट होत नाही, १.४१ पट होतो. दुप्पट सुरासाठी ताण चौपट लागतो आणि त्याआधीच तार तुटण्याची भीती असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाचे हादरे सोलापुरातही जाणवले. किल्लारी इथून सरळ रेषेत सुमारे ८५ किमी. खडकात प्राथमिक तरंग (आधी पोहोचणारे) सेकंदाला सुमारे ६ किमी आणि दुय्यम (मागून येणारे) ३.५ किमी जातात, असे धरले तर एवढ्या अंतरावर दोन्हींत जवळपास १० सेकंदांची तफावत पडते. भूकंपमापकावरील ही तफावत ८.४ ने गुणली की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दुय्यम तरंगाची सुरुवात आधीच्या थरथरीत बुडालेली असते. ती वाचताना १ सेकंद चुकला तर अंतर ८ किमीने चुकते. शिवाय एका केंद्रावरून अंतरच कळते, दिशा नाही, म्हणून किमान तीन केंद्रांची वर्तुळे काढून ती कुठे छेदतात ते पाहावे लागते.