बिल्ला, लुना आणि बाणेर रोड

पुण्यात बाणेर रोडवर रविवारी सकाळी फिरायला निघालं की दर आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच भांडण कानावर पडतं. चारचाकीची काच खाली येते. "रस्ता काय बापाचा आहे का?" हेल्मेटवाला सायकलस्वार एक पाय टेकवतो आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत परत करतो. मागे चार-सहा हॉर्न सुरू होतात. शेवटी गाडीवाला हुकमाचं पान टाकतो: "आम्ही रोड टॅक्स भरतो, तुम्ही काय भरता?" यावर सायकलवाल्याकडे उत्तर नसतं. काहीतरी पुटपुटत तो पायडल मारतो.

उत्तर त्याच्या आजोबांकडे होतं.

पुण्यात सायकलीला कर होता. महापालिका तो वसूल करायची आणि पावतीबरोबर धातूचा छोटा बिल्ला द्यायची. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा कॅरिअरवर दुसरा माणूस बसलेला दिसला की पोलीस अडवायचे. मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. धाकट्या भावाला डबलसीट घेऊन टिळक रोडने चाललो होतो. चौकातल्या हवालदाराने शिट्टी मारून दोघांना उतरवलं, बिल्ला पाहिला, तो होता म्हणून जरा हिरमुसला, आणि दंडाच्या भानगडीत न पडता खाली वाकून दोन्ही चाकांची हवा सोडली. घरापर्यंत सायकल ढकलत आणली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सायकलवाल्याला कायदा लावण्याइतकं महत्त्व तरी होतं.

टॅक्सच्या मुद्द्याचं एकदाचं सांगून टाकतो. मोटारीचा कर राज्य सरकार घेतं, त्याचा कायदा १९५८ चा आहे आणि पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. गावातल्या रस्त्यावर डांबर टाकते महापालिका. तिचा खर्च मिळकतकर, बांधकामाची शुल्कं आणि सरकारी अनुदानं यांतून चालतो. मिळकतकर सायकलवालाही भरतो. भाड्याच्या खोलीत राहणारा भरतोच, फक्त घरमालकाच्या हातून.

पुणं सायकलींचं शहर होतं हे आता चहाच्या दुकानातल्या जुन्या फोटोंपुरतं उरलंय, पण त्यामागे व्यवहार होता. पेठा, डेक्कन, फर्ग्युसन आणि स. प. ही कॉलेजं, कॅम्प हे सगळं सायकलीच्या टप्प्यात होतं. चढ थोडे, उन्हाळा सोसण्याजोगा. पीएमटीच्या बसची वाट पाहण्यापेक्षा सायकल लवकर पोहोचवायची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. पँटच्या पायाला क्लिप लावलेले कारकून, कॅरिअरला डबा अडकवलेले कामगार, कॉलेजात निघालेल्या मुली. ज्याच्याकडे सायकल नाही त्याने आळीतल्या दुकानातून तासाच्या भाड्याने घ्यायची. आम्ही सगळे तशाच भाड्याच्या सायकलीवर, मधल्या दांड्याखालून पाय घालून लंगडी मारत शिकलो.

भांडणं तेव्हाही व्हायची. टांगेवाले सायकलवाल्यांना शिव्या द्यायचे, सायकलवाले पादचाऱ्यांना. पण टांगा, सायकल आणि गर्दीतून निघालेली बस यांच्या वेगात फार तफावत नव्हती. धक्का लागला तर गुडघा फुटायचा, आणि भांडणारे दोघेही जमिनीवर उभे असायचे.

मग स्कूटर आली. आकुर्डीला बजाजचा कारखाना १९६० च्या सुमारास सुरू झाला, तो इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी 'चेतक' आली. लायसन्स राजचा काळ, किती गाड्या बनवायच्या तेही सरकार ठरवायचं, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. मुलाच्या मुंजीत नंबर लावला आणि त्याच्या लग्नात स्कूटर आली, असं लोक हसत सांगायचे. ज्याला स्कूटर मिळायची त्याची सायकल पुतण्याकडे जायची.

माझ्या मते मात्र सायकलीचा खरा काटा काढला तो लुनाने. चेतकचंच साल, १९७२. फिरोदियांच्या कायनेटिकने पियाजिओच्याच एका मोपेडवरून ५० सीसीची ही गाडी बेतली. तिला पायडल होते. पायडल मारून ती सुरू व्हायची आणि पेट्रोल संपलं की पायडल मारतच घरी आणता यायची (निदान सपाटीवर, चढावर उतरून ढकलावी लागे). म्हणजे लुना ही इंजिन लावलेली सायकलच. सायकलवाल्याला नवं काही शिकावं लागलं नाही, ना गिअर, ना क्लच. शाळेतल्या बाई, पोस्टातले काका, फुलांच्या टोपल्या नेणारी माणसं, सगळे बघता बघता सायकलीवरून लुनावर गेले. पुढे सनी आणि स्कूटीने कॉलेजच्या मुलीही नेल्या. आज बाणेर रोडवर सायकलवाल्यावर हॉर्न मारणारा हा बहुतेक वेळा परवा-परवापर्यंत सायकलवर असलेल्या घरातलाच असतो.

याच सुमारास नेदरलँड्समध्ये उलटं घडत होतं. तिथेही युद्धानंतर मोटारींनी सायकलींना रस्त्यावरून हटवलं होतं. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात अपघातांत तीन हजारांवर माणसं गेली, त्यांत चारशेवर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ चं तेलसंकट आलं, आणि सरकारने सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधायला घेतले. तेलाची झळ आपल्यालाही बसली, पण आपण त्यावर कमी पेट्रोल पिणारं वाहन शोधलं. आपल्या खिशाला ते पटण्यासारखंच होतं. डच माणसाची मोटार मिरवून झाली होती, आपल्याकडे अजून स्कूटरचाही नंबर लागलेला नव्हता.

तरी ऐंशीच्या दशकापर्यंत सायकल टिकून होती. लुनातून उरलीसुरली गेली ती अंतरामुळे. कोथरूड वाढलं, मग औंध, मग सगळंच. १९९७ मध्ये ३८ गावं पालिकेत आली, त्यांतली काही पुढे वगळली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. हिंजवडीला आयटी पार्क उभं राहिलं. माणूस धायरीला राहू लागला आणि कामाला हिंजवडीला जाऊ लागला. हे अंतर रोज सायकलने कापणारा विरळा. बसचा भरवसा नाही, मग दुचाकी हवीच. २०१८ मध्ये आरटीओची आकडेवारी आली: पुण्यात नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर, शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त.

उपनगरांतलं भांडण पेठांतल्यापेक्षा जहरी का, तेही इथेच आहे. पेठेतला रस्ता अरुंद, तिथे कोणालाच वेग घेता येत नाही. बाणेर, पाषाण, कोंढवा, धायरी इथले रस्ते मुळात गावांना जोडणारे. बैलगाडी आणि एसटी एवढ्यासाठीच ते होते. त्यांच्या कडेला बारा मजली सोसायट्या उभ्या राहिल्या, रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला, आणि साठ-सत्तरच्या वेगाने गाडी मारता येऊ लागली. पंधराच्या वेगाने चाललेली सायकल आणि साठने येणारी गाडी एकाच पट्ट्यात. डाव्या कडेला रिक्षा थांबलेली, पाण्याचा टँकर उभा, पुढे खोदकाम. सायकलवाल्याला त्यांना वळसा घालून मधे यावंच लागतं, आणि मागच्याला वाटतं की हा मुद्दाम आडवा आला. गाडीवाल्यांची तक्रार खोटी नाही. दिवा न लावता, सिग्नल न पाहता, तिघे-तिघे शेजारी गप्पा मारत जाणारे सायकलवाले मीही पाहतो, आणि मलाही चीड येते.

पालिकेने काहीच केलं नाही असं नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्त्यावर अग्रक्रम माणसांना, वाहनांना नव्हे, असं त्यात होतं. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली आणि केंद्राच्या नेहरू योजनेच्या पैशातून कडेने सायकल ट्रॅक झाले. त्या ट्रॅकवर कधी सायकल चालवून बघा. पन्नास मीटर पेव्हर ब्लॉक, मग सोसायटीचं फाटक आलं म्हणून धप्पकन खाली, मग पुन्हा वर. पुढे विजेची डीपी. तिला वळसा घातला की दुचाकी लावलेल्या, त्यापुढे भुर्जीची गाडी, आणि भुर्जीवाल्याने पाय धुवायला ठेवलेली बादली. सायकलवाला ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर येतो, आणि गाडीवाला ओरडतो, "ट्रॅक दिलाय ना तुम्हाला!"

डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या, पिवळ्या, केशरी, हिरव्या. आळीतल्या दुकानाचाच हा मोबाइल अवतार. पण दुकानदाराला गिऱ्हाईकाचं घर माहीत असायचं, कंपनीला फक्त नंबर. वर्ष-दीड वर्षात मोडक्या सायकली पदपथांच्या कडेला पडलेल्या दिसू लागल्या आणि एकेक कंपनी निघून गेली.

तोवर वेगळाच सायकलवाला आला होता. पहाटे पाचला खडकवासल्याकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याला निघालेला, घट्ट कपड्यांतला, लाखभराच्या कार्बन सायकलवरचा. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करायची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकट्याने पार करून आले. त्यानंतर गावोगाव डॉक्टर आणि इंजिनिअर सायकली घेऊ लागले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत करून घेतले. हा सायकलवाला इंग्रजीत भांडतो, हँडलला कॅमेरा लावतो आणि पोलिसांत तक्रार करतो. सायकल आणि मोटार यांच्यातला वाद ज्याला आज म्हणतात, त्यात तोच असतो. खरं तर त्याच्या घरी स्वतःचीही मोटार असते, आणि सोमवारी तोही हॉर्न मारतो.

कायद्याने मात्र सायकलवाला आणि गाडीवाला, दोघांनाही वाऱ्यावर सोडलंय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल हे वाहनच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना बिगरमोटारी वाहनं आणि पादचारी यांच्यासाठी नियम करायचा अधिकार दिला. पुढे काही हललं नाही, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत जवळपास निम्मी दुचाकीवरची. सायकलवाले तीन टक्क्यांच्या आसपास. आकडा छोटा दिसतो, पण शहरी रस्त्यावर सायकलीच किती उरल्यात, हेही धरायला हवं.

आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन गेली सहा वर्षं सायकलवर येतात. काळी, दांड्याची, मागे कॅरिअर. ते उलट्या बाजूने येतात, कारण दुभाजकाला जवळ फट नाही आणि सरळ बाजूने यायचं तर दीड किलोमीटरचा वळसा पडतो. सायकलला दिवा नाही, चार्जिंगची बॅटरी दातांत धरतात. त्यांचं कोणाशी भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. समोरून प्रखर दिवे आले की ते सायकलवरून उतरतात, गटाराच्या जाळीपलीकडे चिखलात सायकल घेऊन उभे राहतात, गाडी गेली की परत चढतात. फाटकापाशी येईपर्यंत असं चार-पाचदा होतं. एकदा मी म्हटलं, "मामा, तुम्ही का उतरता? त्याने वेग कमी करावा की." बॅटरी तोंडातून काढून ते म्हणाले, "त्याला ब्रेक मारायला लागतो ना साहेब. मला नुसतं उतरायचंय."