पिशव्यांनी मुंबई बुडवली?

२६ जुलै २००५ पासून एक वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं: ‘प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारं तुंबली, म्हणून मुंबई बुडाली.’ पिशव्यांनी भर घातली, नाही असं नाही. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं बिल्डर आणि पालिका दोघांनाही सोयीचं आहे.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता होती ताशी २५ मिलिमीटर, तीही ओहोटीच्या वेळी. शिवाय निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरलेलं! आता हिशेब करा. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर तासात ५० मिलिमीटर पडला की ५० हजार लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. माती असती तर त्यातलं बरंच मुरलं असतं. पोडियम (इमारतीखालचा काँक्रीटचा चौथरा) आणि पेव्हर ब्लॉकवरून ते जवळपास सगळं थेट रस्त्यावरच्या गटारात येतं. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने म्हणूनच काहीच मुरणार नाही असं धरून ताशी ५० मिलिमीटरचा निकष सुचवला. अहवाल पुढची बारा वर्षं बहुतांशी कागदावरच होता.

शहराच्या १८६ पातमुखांपैकी (गटारं जिथे समुद्रात किंवा खाडीत उघडतात ती तोंडं) फक्त ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. भरतीला दार नसलेल्या पातमुखातून समुद्रच आत शिरतो. तिथे गटार आरशासारखं साफ असलं तरी पाणी तुंबणारच.